सतराव्या नंबरची सही

१७. मॉर्टन ग्लिकस्टाइन, संरक्षण खात्याचे माजी सल्लागार.

पेपरात पानभर पत्र होतं. खाली चाळीस सह्या, वर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा फोटो आणि त्याला जाहीर पाठिंबा. मॉर्टनची कॉफी हातातच निवली. वर्षभर ज्या माणसाला तो लेखालेखातून देशावरचं संकट म्हणत आला होता, त्याच्याच पाठीशी छापील अक्षरांत तो उभा होता.

त्याने एल्डन प्रूइटला फोन लावला. वॉशिंग्टनमध्ये असल्या पत्रांवर सह्या गोळा करायचं काम एल्डनचंच.

"मी सही केलेली नाही, एल्डन!"

"अरे, जुनी यादी उचलली. तीस वर्षांत तू कुठल्या पत्राला नाही म्हणालास? म्हणून विचारलं नाही."

"आता म्हणतोय ना!"

"ओरडू नकोस, बायपास झालीय तुझी. उद्या खुलासा छापून आणतो. दोन ओळी सांग. आणि तू कोण, तेही."

कोण?

कॉलेजात कट्टर डावा, ट्रॉट्स्कीवादी. (स्वतःच खोडलं.)

डेमोक्रॅट सिनेटरचा भाषणलेखक. (पक्षाने खोडलं.)

इराकवर हल्ला झाला तेव्हा संरक्षण खात्यात सल्लागार. (हे कुणी खोडू देत नाही.)

संशोधन संस्थेत वरिष्ठ अभ्यासक. (मार्चपर्यंत. देणगीदारांना उमेदवार आवडतो.)

"झोपलास का रे?"

"नुसतं नाव टाक."

"नुसत्या नावाला या गावात कोण विचारतं? प्लंबर समजतील तुला."

"समजू देत. लिही, मॉर्टन ग्लिकस्टाइन यांनी हे पत्र वाचलेलंसुद्धा नाही."

एल्डनला हसता हसता ठसका लागला. "हे छापलं तर उरलेले एकोणचाळीसही असाच खुलासा मागतील! बाबा रे, वाचून सही कोण करतं इथे? ते इराकवर हल्ला करा म्हणणारं पत्र, ते तरी वाचलं होतंस?"

मॉर्टनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ते मी लिहिलं होतं."

"अरे हो की." एल्डनचा आवाज एकदम कामाला लागला. "मग प्रश्नच मिटला. 'इराक युद्धाच्या पत्राचे लेखक' असं टाकतो. लोक लगेच ओळखतील."

"दुसरं काही नाही?"

"तूच सांग."

मॉर्टनने पुन्हा पेपर पाहिला. सतरा नंबर. उमेदवाराच्या फोटोच्या अगदी खाली.

"टाक," तो म्हणाला. "आत्ता टाक, मी फोनवर आहे तोवर."