शेवटच्या घासापर्यंत

माझ्या मुलीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ती चार गल्ल्या सोडून राहते, तरी तिकीट लावून पाठवलं होतं. माझ्याशी महत्त्वाचं बोलायचं असलं की घरचे लिहूनच कळवतात. समोर बोललं तर मी "बघू" म्हणतो आणि पुस्तकात डोकं खुपसतो.

'बाबा, पोरीला हॉस्पिटलातून घरी आणलंय. खाण्याची भीती अजून गेलेली नाही. जेवताना कुणीतरी शेवटच्या घासापर्यंत सोबत बसायचं, असं डॉक्टर म्हणतात. दुपारी माझी ड्यूटी असते. तुम्ही बसाल का? जमणार नसेल तर तसं कळवा, मी नोकरी सोडते.'

हो लिहायला हात धजेना. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. माणसांशी काय बोलावं हे कधी नीट उमगलं नाही. शेवटी मुलगीच नातीला घेऊन दारात उभी राहिली. "तुमचं उत्तर येईपर्यंत हिला ठेवून घ्या," म्हणाली आणि डबा टेबलावर ठेवून कामावर पळाली.

नात पंधरा वर्षांची. किती खाल्लं ते बघायचं नाही, कौतुक करायचं नाही, खाण्याचा विषय काढायचा नाही, असं मला बजावलं होतं. मग उरलं काय? पहिल्या दिवशी हवेवर बोललो, ते दोन वाक्यांत संपलं. दुसऱ्या दिवशी एक रहस्यकथा उघडली आणि मोठ्याने वाचू लागलो.

"दार उघडंच होतं पूर्णविराम इन्स्पेक्टर आत आला स्वल्पविराम थबकला..."

"आजोबा! स्वल्पविराम कशाला वाचताय?"

छापखान्यात आम्ही जोडीने काम करायचो. एकाने मूळ प्रत चिन्हांसकट वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. ती सवय जिभेवरून गेलीच नव्हती. मी ओशाळलो. "गाळतो."

"नको नको, राहू द्या. इन्स्पेक्टरला धाप लागल्यासारखी वाटते." ती हसली आणि हसता हसता चमचा तोंडात गेला. मग रोज चिन्हांसकट वाचन. खून कोणी केला हे कळायची मलाही घाई नव्हती.

एका दुपारी ती धापा टाकणाऱ्या इन्स्पेक्टरची नक्कल करत होती. मला इतकं बरं वाटलं की तोंडातून निघून गेलं, "गोबू, पाणी घे गं."

लहानपणी गाल गुबगुबीत म्हणून घरात सगळे तिला गोबू म्हणत. आजारपणापासून ते नाव आम्ही बंद केलं होतं.

तिने चमचा खाली ठेवला. अर्धा भात, अख्खं अंडं तसंच टाकून ताट सरकवलं. "मी अजून तशीच दिसते ना?"

मी पुस्तक मिटलं. म्हणालो, "चुकलो. माझ्याच्याने हे व्हायचं नाही. तुझ्या आईला कळवतो, दुसरं कुणी बघ म्हणून."

"वा!" ती उसळली. "माझं एक जेवण बिघडलं की तुम्ही सगळे म्हणता, असू दे, पुन्हा बस. आणि तुमचं बिघडलं की लगेच राजीनामा?"

"अगं, पण..."

"मला देता येतो का राजीनामा? नाही ना? मग तुम्हीपण बसा." डोळे भरले होते, आवाज मात्र चढाच. "आणि ते नाव नको. निदान सध्या."

"नाही घेणार."

ताट गरम करून आणलं आणि बसलो. पुस्तक पुन्हा उघडलं. एक ओळ दोनदा वाचली. ती मान खाली घालून, नाक ओढत, सावकाश खात राहिली. प्रकरण संपलं, जेवण संपलं नव्हतं, म्हणून पुढचं सुरू केलं. शेवटचा घास गिळून ती म्हणाली, "मग, आईला काय लिहिताय?"

मी कागद घेतला. 'बसतो. आज चुकलो, पोरीने सावरून घेतलं. उद्याही कदाचित चुकेन. तू नोकरी सोडू नकोस.'

तिने खांद्यावरून वाचलं. "'कदाचित' काढा. चुकणारच आहात."

मी तो शब्द खोडला, आणि आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून आलो.