एका दिवसापुरती रिकामी खोली

लोखंडी कपाटाच्या प्रत्येक पायाजवळ गंजाचे पाच डाग होते. एकमेकांपासून बोटभर अंतरावर. सगळ्यात जुना फिकट तपकिरी, सगळ्यात अलीकडचा नारिंगी. जड कपाट हलवून परत ठेवलं की ते नेमकं जुन्या जागी बसत नाही.

पार्से गावात जयरामबाबांच्या घरामागची ही खोली. जवळच्या विमानतळाचं बांधकाम चालू असताना आजऱ्याहून वायरमन म्हणून आलेल्या अशोकने ती भाड्याने घेतली होती. त्याची बायको नंदा इथेच मशीन मांडून वाडीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. विमानतळ सुरू झाला आणि तालुक्यात भाडी अशी चढली की ही खोली गेली तर दुसरी मिळणं शक्य नव्हतं. मग मशीनसकट परत आजरा.

करार अकरा महिन्यांचा. तो संपला की भाडेकरूचा हक्क लागू नये म्हणून एक दिवस खोली रिकामी करायची. सामान फणसाखाली ठेवायचं. जयरामबाब रिकाम्या खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो काढत आणि कुलूप लावत. दुपारी त्यांच्या पत्नी चंद्रावतीबाई या बेघर कुटुंबाला पोटभर हुमण-शीत, माशाची आमटी आणि भात, वाढत. तिन्हीसांजेला किल्ली परत मिळे, वर एक नारळ. मूर्तीचं विसर्जन करून तीच मूर्ती त्याच दिवशी वाजतगाजत घरी आणणारं गावात हे एकच घर होतं.

ही पद्धत जयरामबाबांना अनुभवातून सुचली होती. कायद्याने भाडेकरू काढायचा तर आधी नोटीस, मग भाडे नियंत्रकाकडे अर्ज, मग तारखा. त्यांच्या म्हापशातल्या दुकानाचा दावा मुलाच्या, रुद्रेशच्या, मुंजीच्या वर्षी दाखल झाला होता. आता रुद्रेशच्या डोक्यावर मुंजीत उरले होते तेवढेही केस नव्हते, आणि दुकानात भाडेकरूचा नातू बसत होता.

नंदाकडे ब्लाऊज टाकणारी सुविधा वकील होती. माप देता देता ती एकदा म्हणाली होती, "तुम्हाला बाहेर काढणं कठीण आहे गो. तुम्ही आपल्या पायांनी बाहेर पडणं मात्र सोपं."

यंदा रुद्रेश नवं कुलूप घेऊन आला होता. आकडे दाबून उघडणारं, पर्यटकांना रोजाने देतात त्या खोल्यांना असतं तसं. आदल्या दिवशी त्याने एसीसाठी खिडकीचं मापही घेतलं होतं.

"काय गो नंदा, कपाट अजून भितर?" जयरामबाबांनी दारातून विचारलं. "टेम्पो येवन रवलो."

"टेम्पो कशाला, काका? सामान फणसाखाली असतंय की दर वर्षी."

"पावसाचो भरवसो नाय," रुद्रेश म्हणाला. आकाशात औषधालाही ढग नव्हता.

"बरं. मग संध्याकाळी आत यायला कुठला नंबर दाबायचा?"

रुद्रेशने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी फणसाकडे पाहिलं.

"तां मागीर बघुया," जयरामबाब फणसाला म्हणाले.

"काका, आम्ही काय घर खाऊन टाकणार हाय व्हय?"

"तसां नाय गो. तुम्ही घरचीच माणसां. म्हणान तर करार करतंव."

"चल गं," अशोक पुटपुटला. "मोठी माणसं हायेत. फसवायची न्हाईत." त्याने कपाटाचा एक कोपरा धरला.

नंदाने मोठ्या घराच्या दिशेने मान वळवली. चंद्रावतीबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. अकरा वाजून गेले होते आणि आज हुमणाचा वास नव्हता. ज्यांना संध्याकाळी परत घ्यायचं नाही, त्यांना दुपारी जेवू घालायचं तरी कसं?

दर वर्षी या वेळी एक वाक्य नंदाच्या ओठांवर यायचं आणि हुमणाबरोबर पोटात जायचं. यंदा हुमणच नव्हतं.

"अहो, कपाट सोडा," ती अशोकला म्हणाली. मग जयरामबाबांकडे वळली.

"काका, यंदा आम्ही खोली रिकामी करत न्हाई. काढायचं तर नोटीस द्या."