पडद्याला दिसलेली लढाई

मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर किती लढाया झाल्या, ते मोजणं मी सोडून दिलंय. मी चिखलीतल्या एका शाळेचा जुना पांढरा पडदा. मूळचा मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड. गावातल्या केसरबाईंनी मुखी देवाचं नाव ठेवून माझ्या कडा शिवल्या, तेव्हा मी सप्ताहाच्या मांडवात लागणार होतो. पण कापड जास्त झालं, आणि उरलेला मी शाळेला दान मिळालो.

सुरुवातीला माझं कौतुक फार. माझ्यावर ग्रह फिरले, समुद्र उसळले, बेडकाचं हृदय धडधडलं. पुढे माझी घडी कपाटावर पडून राहू लागली. शेजारच्या वर्कशॉपांची काळी धूळ माझ्यात मुरली. धुऊन धुऊन मी विरलो. आता दमलोय.

एक सांगतो. चित्र माझ्यावर पडतं, पण मला ते दिसत नाही. मला दिसता समोर बसलेले तुम्ही.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला लढाईचा सिनेमा दाखवला. शत्रूचा सैनिक पडला, तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान वळवून शाहीनकडे पाहिलं. गॅरेजवाल्या इकबालभाईंची ही लेक. ती क्षणभर थांबली. मग तिनं सगळ्यांपेक्षा मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. डोळे मात्र खाली. शिक्षक मागे बसलेले. त्यांना नुसत्या पाठी दिसल्या. मला तोंडं दिसली, पण पडद्याला कुठं वाचा?

यंदा त्याच, आता दहावीत गेलेल्या मुलांसाठी तसाच एक सिनेमा आला. मुलांना दाखवावा की नाही, हे आधी मोठ्यांनी बघून ठरवायचं होतं. वर्गशिक्षिका योगिनीबाईंचा त्या दिवशी सोमवारचा उपास. रक्त दिसलं की त्या प्रोजेक्टरपुढे हात धरायच्या आणि माझ्यावर पाच बोटांची सावली पडायची.

"अहो बाई," मुख्याध्यापक सोपानराव हसले, "अशानं मुलांना लढाई कमी आणि तुमच्या बांगड्याच जास्त दिसतील! रक्ताचे दोन-तीन तुकडे गाळा, की झाला मुलांजोगा."

माझ्या डाव्या बाजूचा खिळा कधीचा निसटलाय. तेव्हापासून शाळेचे शिपाई ज्योतीरामकाका माझी दोरी हातात धरून उभे राहतात, मुलांकडे तोंड करून.

"काय ज्योतीराम, गप्प का? लढाईचा सिनेमा आहे, शिपायालाच विचारू या की!" सोपानराव म्हणाले.

"माझी लढाई घंटेची न् चहाची, सर," काका म्हणाले. सगळे हसले. काका हसले नाहीत. "पर एक सांगू? रक्त बघून पोरं गप व्हत्यात. त्ये ऱ्हाऊ द्या. बिघडतंय ते टाळ्यांला." मग त्यांनी शाहीनचं सगळं सांगितलं. "आपलीच पोरगी हाय ती. अन् आपल्याच वर्गात तिला टाळ्या वाजवून साक्ष द्यावी लागली."

सोपानरावांचं हसू मावळलं. बाईंनी हात खाली घेतला. "मग दाखवायचाच नाही का, काका?"

"दाखवा की. पर तुमी मागं बसू नका. हितं माझ्याजवळ उभ्या ऱ्हावा."

शनिवारी सिनेमा लागला. बाई माझी कड धरून उभ्या होत्या. शत्रू पडला. हात वर झाले. तिसऱ्या रांगेतल्या शाहीनकडे दोन माना वळल्या. बाईंनी तिथंच सिनेमा थांबवला.

"टाळी कशाची रे?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू.

"बाई, आपण जिंकलो ना!"

"जिंकलो, खरं. पण जिंकलो ते इथं, पडद्यावर. मान मागे कशाला वळली?"

दोन्ही माना हळूच सरळ झाल्या. शाहीनचे हात टाळीसाठी उचललेले होते. ते तिनं, टाळी न वाजवताच, मांडीवर ठेवले. आणि वर पाहिलं.

मित्रांनो, मला गार पाण्यात धुवा, पिळू नका. केसरबाईंची शिवण आता नाजूक झालीय. सिनेमा कोणत्या वयाला चालेल, ते सुरुवातीला लिहून येतं. ते वाचाच. पण बघणाऱ्यांची तोंडं वाचायला कुणीतरी माझ्या बाजूला उभं राहावं लागतं.

डावीकडचा खिळा ज्योतीरामकाकांनी अजून ठोकलेला नाही. मीही म्हणतो, नकोच.