आयडेलाचे टाके

"मावशी, हे घे आणि सही कर. आणि तो डबा बाजूला ठेव, बंदुकीला कोबीचा वास लागेल."

केंटने दोन कागदी पिशव्या टेबलावर ठेवल्या. ब्लांश सोकोलने डबा हलवला नाही. तिने आधी भाच्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड पांढरंफटक, मानेवर घाम, गणवेशाच्या दोन्ही गुडघ्यांना माती.

"जेवलास?"

"भूक नाही."

"माझ्या कोबी-नूडल्सना नाही म्हणतोस, म्हणजे काहीतरी करून आलायस."

केंटने पेन तिच्यापुढे सरकवलं.

पोलीस ठाण्याच्या तळघरात मुद्देमालाची खोली होती आणि नवरा गेल्यापासून ब्लांश तिथली कारकून होती. चोरीच्या सायकली, जप्त केलेल्या बाटल्या, चाकू, बंदुका, सगळं तिच्या कुलपात. खोलीला एकच खिडकी, तीही छताला लागून, फुटपाथच्या पातळीवर. तिच्यातून फक्त चालणाऱ्यांचे पाय दिसायचे. हार्लन फेरी गावातली माणसं ब्लांश बुटांवरून ओळखायची. दर शनिवारी सकाळी तपकिरी, लेसवाले, आरशासारखे चकचकीत बूट न्हाव्याच्या दुकानाकडे जायचे आणि जेवणाच्या सुमाराला परत यायचे. आज ते गेले होते, परत आले नव्हते.

तिने पहिली पिशवी उघडली. जुनं, लांब नळीचं रिव्हॉल्वर. दुसरीत त्याचं कमरेला लावायचं जाड चामड्याचं म्यान, होल्स्टर. बंदूक बाहेर येऊ नये म्हणून वरून बसणाऱ्या पट्टीच्या कडेला लाल दोऱ्याची टोकं उभी राहिली होती, कापल्यासारखी. दोऱ्याचे चार तुकडे टेबलावर पडले.

"हे काय, शिवलं होतं?"

"असेल. निघत नव्हतं म्हणून चाकूने कापलं."

"कोणाचं आहे?"

"मिल रोडवरचा म्हातारा पेटिफोर्ड. कमरेला लावून भररस्त्यात चालला होता. कोण्या बाईने फोन केला, काळा माणूस बंदूक घेऊन फिरतोय म्हणून."

"लावून फिरायला बंदी आहे?"

"मावशी, सही कर ना."

बंदी नव्हती. पेन्सिल्वेनियात, निदान अशा गावांत, उघड्यावर बंदूक लावून चालायला कोणाची परवानगी लागत नाही. हरणाच्या मोसमात गोरी पोरं खांद्याला रायफली लटकवून डोनट घ्यायला रांगेत उभी राहतात, आणि हाच केंट गाडी थांबवून त्यांना विचारतो, केवढं हरीण मिळालं रे? त्यांच्यासाठी आजवर एकाही बाईने फोन केला नव्हता. कायदा एकच होता. तो कोणाच्या कमरेला आहे यावर त्याचा अर्थ ठरत होता.

ब्लांशने सही केली. केंट वर गेला. दोऱ्याचे तुकडे तिने चिमट्याने उचलून लहान पाकिटात घातले आणि पाकीट होल्स्टरच्या पिशवीत टाकलं. जे आत आलं ते आत राहतं, अशी तिची सवय होती.

सोमवारी तपकिरी बूट जिना उतरून तिच्या टेबलाशी आले. पहिल्यांदाच तिने बुटांच्या वरचा माणूस पाहिला. सत्तरी ओलांडलेला, उंच, सडसडीत. मनगट प्लास्टरमध्ये, गाल खरचटलेला. त्याने चांगल्या हाताने हॅट काढली.

"बाई, माझी वस्तू तुमच्याकडे आहे म्हणतात."

"आहे. पण खटला संपेपर्यंत देता येणार नाही, मिस्टर पेटिफोर्ड."

"द्या म्हणत नाही. बरी आहे ना, एवढंच विचारायला आलो."

"बरी आहे. कोरड्या कपाटात ठेवलीये."

"आणि दोरा?"

"तो कापलाय."

त्याने हॅट घातली, मग परत काढली. "सगळा?"

"सगळा."

त्याने मान हलवली आणि हळूहळू जिना चढून गेला. पुढच्या सोमवारी तो परत आला. त्याच्या पुढच्याही. नियमाप्रमाणे या टेबलावरून पावतीखेरीज काही देता येत नसे. तिसऱ्या खेपेला ब्लांशने कॉफी दिली. उन्हाळ्यात तो परसातले टोमॅटो आणू लागला.

"हे मुद्देमाल म्हणून जमा करू का?" तिने विचारलं.

"करा. पण खटला संपेपर्यंत केचप होईल त्यांचं."

एझ्रा पेटिफोर्डची गोष्ट तिला अशी कॉफीबरोबर, घोटाघोटाने कळली. त्याचे वडील जॉर्जियाहून या गावच्या पोलाद कारखान्यात आले आणि पहारेकरी झाले. गोऱ्या पहारेकऱ्यांना कारखान्याने रिव्हॉल्वर दिलं, त्यांना कंदील आणि काठी. मग त्यांनी पदरचे पैसे घालून हे विकत घेतलं, आणि आयुष्यभर पलंगाखाली ठेवलं.

"एकदाही बाहेर लावलं नाही?"

"कायदा त्यांच्याही बाजूने होता, बाई. रस्ता नव्हता. जॉर्जियात गोरा समोरून आला की फुटपाथ सोडून रस्त्यात उतरायची सवय लागलेली. इथे तसं काही नव्हतं, तरी उतरायचे. मी हात धरून चालायचो ना, मीपण त्यांच्याबरोबर उतरायचो."

त्याच कारखान्यातल्या कोळशाच्या भट्ट्यांवरून निवृत्त झाला त्या शनिवारी एझ्राने ते रिव्हॉल्वर बाहेर काढलं. न्हाव्याच्या दुकानात मित्रांशी सोंगट्या खेळायला जायचं, ते हे लावून जायचं, एवढंच त्याला हवं होतं. कोणाला मारायचं नव्हतं, भिववायचं नव्हतं. वडील जिथून उतरले तिथून चालायचं होतं. दारात बायको उभी राहिली.

"आयडेला म्हणाली, लाव, पण मी शिवून देणार. माझा भरवसा आहे तुझ्यावर, म्हणाली, तुझ्याकडे बघणाऱ्यावर नाही. उद्या कोणी म्हणालं याचा हात बंदुकीकडे गेला होता, तर दाखवता येईल की हे निघतच नाही. लाल दोरा घेतला, लांबून दिसावा म्हणून. दर शनिवारी सकाळी शिवायची, संध्याकाळी मी तेलपाणी करायला बसलो की उसवायची. आणि शिवताना मला शिव्या द्यायची. म्हणायची, जगात कोणाच्या नशिबी असला शूरवीर आलाय, बंदुकीला झबलं घालून फिरणारा."

तो हसला. ब्लांशही हसली.

"मार्चमध्ये गेली. त्या शनिवारी शिवलं होतं, संध्याकाळी दवाखान्यात न्यावं लागलं. मग मी उसवलंच नाही. तसंच लावत होतो."

ब्लांशने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. कप भरलेलाच होता.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी केंट नेहमीसारखा जेवायला आला. बहीण वारल्यावर ब्लांशनेच त्याला वाढवलं होतं. त्याच्या आवडीच्या, बटाटा भरलेल्या करंजीसारख्या पिरोगी तिने लोण्यात परतल्या होत्या.

"कोर्टात तुलाही बोलावलंय," तो म्हणाला. "पिस्तूल तेच का, एवढंच विचारतील."

"रिपोर्टात काय लिहिलंयस?"

केंट काट्याने कांदा इकडून तिकडे ढकलत राहिला. "पट्टी उघडी होती. माझ्यावर उगारायला त्याने अर्धं बाहेर काढलं होतं."

"मग चाकूने काय कापलंस? केक?"

"मावशी."

"विचारतेय."

"घाबरलो होतो. वायरलेसवर बंदूकवाला म्हणाले. मी ओरडलो, तो वळला. नुसता वळला. मी त्याला पाडलं. मनगट मोडलं त्याचं, आवाज आला मला. मग काहीतरी लिहावंच लागलं."

"खरं लिहायचंस."

"खरं लिहिलं तर त्याला अडवायचा मला अधिकारच नव्हता असं होतं. त्याची वकील तेवढ्यावरच भांडतेय. बंदूक दिसली, एवढ्या कारणावर पोलीस माणसाला थांबवू शकतो का. हात गेला होता म्हटलं की भांडण मिटतं."

"तुझं मिटतं. त्याला शिक्षा होते."

"दोरा होता हे तो एकटाच सांगतोय. आरोपीचं कोण ऐकतं?" केंटने वर पाहिलं. लहानपणी ताप आला की असाच बघायचा. "तू खोटं बोल असं मी म्हणत नाही."

"मग काय म्हणतोयस?"

"कोणी विचारणार नाही म्हणतोय."

तो सगळं जेवला. उठून स्वतःची ताटली धुतली, पुसली, जागेवर ठेवली, तिने शिकवलं होतं तशी. उरलेल्या पिरोगी तिने डब्यात भरून त्याच्या हातात दिल्या.

कोर्टात सरकारी वकिलाने तिला खरोखरच तेवढंच विचारलं. रिव्हॉल्वर हेच का. हो, हेच. तो बसला. मग एझ्राची वकील उठली, सर्दीने नाक लाल झालेली एक तरुण बाई.

"मिसेस सोकोल, पिशव्यांमध्ये आणखी काही आलं होतं?"

केंट पहिल्या बाकावर होता, स्वतःच्या बुटांकडे बघत. पोलीस शाळेतून पास झाला तेव्हा ब्लांशनेच घेऊन दिलेले बूट. टाचेला लोखंडी नाल, कारण तो टाचा झिजवायचा.

हो म्हटलं तर रविवार गेले. नाही म्हटलं तर सोमवार गेले. तिने चष्मा काढला. आता समोरची सगळी तोंडं सारखीच पुसट झाली.

"आला होता. लाल दोरा. पट्टी शिवलेली होती, त्याचा. ती उघडी नव्हती. उघडताच येत नव्हती. माझ्या भाच्याने ती चाकूने कापली, मला त्यानेच सांगितलं."

पाकीट आणलं गेलं. दोरा पाहिला गेला.

न्यायाधीशांनी निकाल दिला. उघड्यावर बंदूक लावणं गुन्हा नाही, म्हणून ती नुसती दिसली एवढ्यावरून पोलिसाला माणूस अडवता येणार नाही. आरोप रद्द, वस्तू परत. निकालात मनगटाचा उल्लेख नव्हता. माफी कोणी मागितली नाही. माफी मागितली तर भरपाई मागतील, असा सल्ला नगरपालिकेला कोणी शहाण्याने दिला होता. केंटला काही दिवस ठाण्यातच टेबलावरच्या कामाला बसवलं आणि मग परत गाडी दिली. वरच्या मजल्यावरच्या कॉफीच्या खोलीत ब्लांश गेली की बोलणी थांबायची, म्हणून तिने जाणं सोडलं. रविवारी केंट येईना. ती मात्र पिरोगी दोघांच्याच करत राहिली. हाताला दुसरं माप माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी तपकिरी बूट जिना उतरून आले, आरशासारखे. एझ्राने वाकड्या जुळलेल्या मनगटाने सावकाश सही केली. ब्लांशने वस्तू पुढे ठेवल्या: रिव्हॉल्वर, पुडीत बांधलेल्या गोळ्या, होल्स्टर, पाकीट. त्याने आधी पाकीट उघडलं. दोऱ्याचे तुकडे तळहातावर घेतले, पाहिले, परत आत घातले आणि पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं. मग रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये सारलं. सुटी पट्टी लोंबत राहिली.

"काय झालं?"

"असं लावून जाता येणार नाही. आयडेलाला शब्द दिलाय. पिशवी असेल तर द्या, झाकून नेतो."

"झाकून नेलं तर लपवून नेलं असं होतं, मिस्टर पेटिफोर्ड. त्याला परवाना लागतो. तुमच्याकडे नाही."

"म्हणजे दाखवलं तर पाडतात आणि लपवलं तर धरतात."

"तसंच."

दोघंही हसली. मग तो मनगटाकडे बघत म्हणाला, "मीच शिवलं असतं. पण हा आता सुई धरत नाही."

पिशव्यांना चिठ्ठ्या शिवायला ब्लांशच्या खणात दाभण आणि मेणाचा दोरा असायचा. तिने खण उघडला.

"लाल नाही माझ्याकडे. पांढरा आहे."

"पांढराही दिसतो लांबून."

तिने होल्स्टर मांडीवर घेतलं. चामड्याला आयडेलाने पाडलेली भोकं तशीच होती. ब्लांशला नवं एकही पाडावं लागलं नाही. त्याच वाटेने दोरा जात गेला.

"फार ओढू नका," तो म्हणाला. "ती सैल ठेवायची. उसवायला बरं."

"उसवणार आहात?"

त्याने खिशातल्या पाकिटावर हात ठेवला. तिने गाठ मारली, दोरा दाताने तोडला. "झालं. जा आता, शूरवीर."

एझ्रा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने होल्स्टर कमरेला लावलं, हॅट घातली आणि जिना चढला.

ब्लांश खिडकीखाली खुर्ची ओढून तिच्यावर उभी राहिली. तपकिरी बूट आले, फुटपाथच्या अगदी मधून, न्हाव्याच्या दुकानाच्या दिशेने. त्यांच्या मागून गाडीचं चाक आलं, पावलांच्या वेगाने. बूट थांबले. चाक थांबलं. दार उघडलं आणि टाचेला नाल असलेले पोलिसी बूट फुटपाथवर चढून तपकिरी बुटांच्या समोर उभे राहिले.

काचेतून काही ऐकू येत नव्हतं. ब्लांशच्या हातात दाभण तसाच होता. तपकिरी बूट हलले नाहीत. पोलिसी बूटही नाहीत.

मग पोलिसी बुटांनी एक पाऊल मागे घेतलं. एक टाच खाली गेली, मग दुसरी, आणि ते फुटपाथवरून उतरून रस्त्यात उभे राहिले. तपकिरी बूट त्यांच्यासमोरून गेले, न थांबता, न घाई करता, खिडकीच्या कडेपर्यंत आणि कडेबाहेर.

पोलिसी बूट बराच वेळ रस्त्यातच होते.