काट मारलेली घंटी

इमारतीच्या खालच्या दाराला कॅमेऱ्याचा इंटरकॉम बसवायचा हट्ट ‘नियमावली’चाच. तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत सगळ्यांना नियम शिकवणाऱ्या या निवृत्त साहेबांना लोकांनी हेच नाव ठेवलं होतं. ‘कोण आलंय ते बघूनच दार उघडायचं,’ असं त्यांनी चार बैठकांत ठणकावलं. यांच्याकडे मुळात येतंय कोण, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

एक लेक होती. वर्षापूर्वी भांडून गेली ती गेलीच. ‘बापाला विसरली कार्टी,’ हे रडगाणं ते जिन्यात, लिफ्टमध्ये, भेटेल त्याला ऐकवत. पण स्वतः फोन करायचा? छे! नाकावर माशी बसू न देणारा माणूस. लेकीनेच यावं आणि आल्या आल्या माफी मागावी.

परवा त्यांच्या नव्या चष्म्याचं पार्सल ‘घरी कोणी नाही’ असा शेरा घेऊन परत गेलं, तेव्हा साहेब खवळले. इंटरकॉमच्या कंपनीने मेकॅनिक बाई पाठवली. तिने खालून फोन करून दार उघडायला लावलं.

“तुमचं यंत्र भिकार आहे. वाजतच नाही,” साहेबांनी दारातच सुरुवात केली.

बाईने भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात काट मारलेली घंटी होती. “वाजेल कसं, काका? आवाज बंद केलाय.”

“मीच केला, पहिल्याच आठवड्यात. शेजाऱ्यांकडे येणारे ऐरेगैरे माझं बटण दाबायचे. म्हणून माझी माणसं आली तरी वाजू नये?”

“यंत्राला काय कळतंय तुमचं माणूस कोण ते! पण दार उघडलं नाही की फोटो ठेवतं ते.”

तिने बटण दाबलं. आधी पार्सलवाला. मग चार महिन्यांपूर्वीची तारीख आणि परत निघालेल्या एका बाईची पाठ. त्याआधीच्या रविवारी तीच, कॅमेऱ्याजवळ तोंड आणून काहीतरी बोलताना. त्याआधी पुन्हा तीच. चौदा रविवार, सकाळी अकरा.

“कोण ह्या?”

“लेक,” साहेब म्हणाले. “काय बोलतेय ती?”

“बोलणं साठवत नाही हे.”

साहेबांनी पडद्यावरची तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाले, “यंत्रात बिघाड होता, असं लिहून द्या. तिला दाखवता येईल.”

बाईने कागदावर लिहिलं: ‘यंत्र ठीक. आवाज घरमालकांनी बंद केला होता.’ आणि पेन पुढे केलं.

“इथं सही करा, काका.”

जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या घेतलेले साहेब ते पेन हातात धरून उभेच राहिले.