पट्टीवरचं काळं

बत्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. कापलेलं, भाजलेलं, चिघळलेलं, सगळं या हातांनी धुतलंय. मोठमोठे सर्जन म्हणायचे, "रतन, ही जखम तूच बघ रे." त्या कौतुकानं माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

हिरा माझी बायको. साखरेची जुनी पेशंट, तळपायाला जाणीव म्हणून नाही. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी फिरली आणि डावी टाच भाजली, ते घरी आल्यावर मला दिसलं. महिनाभर मीच ड्रेसिंग केलं. पू काही थांबेना. शेवटी हडपसरहून दोन बस बदलून तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथं डॉक्टर शर्मिला मॅडम एका नव्या पट्टीचा अभ्यास करत होत्या. पट्टीत चांदीचे कण, केसाहून हजारो पटींनी बारीक. त्यातून चांदी हळूहळू सुटते, जंतू मरतात, जखम भरायला वाव मिळतो. सह्या झाल्या, पट्टी लागली. "काका, सहा दिवस उघडायची नाही. अजिबात नाही. आणि हा कागद नीट वाचा."

ड्रेसरला ड्रेसिंगचा कागद! मी घडी घालून पिशवीच्या कप्प्यात टाकला.

सहा दिवस जखम बघायची नाही म्हणजे काय हो? दुसऱ्याच दुपारी हिराचा डोळा लागला आणि मी पट्टीची कड उचलली. आत काळं. पट्टी काळी, जखमेच्या कडा काळपट. काळं म्हणजे सडलं, एवढंच जन्मभर शिकलो होतो. पेरॉक्साइडनं जखम खसाखसा धुतली, पट्टी नळाखाली धरून स्वच्छ केली आणि परत चिकटवली. तीन दुपारी हाच उद्योग केला. पायाला जाणीवच नाही, त्यामुळं हिराला पत्ता लागला नाही.

सहाव्या दिवशी मॅडमनी पट्टी काढली. जखम आणखी खोल गेली होती.

"काका, मध्ये उघडली होती का?"

आजूबाजूला चार शिकाऊ डॉक्टर उभे. मी म्हणालो, "छे! हातसुद्धा लावला नाही."

"मग यांच्यावर ही चालत नाही," म्हणून मॅडमनी तसं लिहिलं. दुसरी पट्टी लावलीच नाही, नेहमीची औषधं सुरू केली. पंधरा दिवसांत जंतू हाडात गेले आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची पिशवी आवरताना तो कागद हाती आला. 'पट्टी आणि जखमेच्या कडा काळपट दिसतील. तो चांदीचा रंग आहे, पुसू नये. धुतल्यास चांदी निघून जाते आणि पट्टी निकामी होते.' अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं शहाणा मी आणि पाय गेला हिराचा. तरी मी तोंड उघडलं नाही. लाज वाटली, दुसरं काय!

आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात हिराच्या उजव्या अंगठ्याला फोड आला, फुटला, पू धरला. आम्ही पुन्हा मॅडमसमोर. हिरानंच विचारलं, "बाई, ती चांदीची पट्टी लावता का?"

"मावशी, ती तुमच्यावर चालली नव्हती. आता त्यात वेळ घालवला तर हाही पाय जाईल."

"चालली असती," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. काळं, पेरॉक्साइड, नळ, आणि ते 'छे'.

मॅडमनी जुनी फाइल पुढ्यात ओढली. हिरा माझ्याकडे वळली.

"अहो, आठ महिने मी रडतेय, की लपून दोन पेढे खाल्ले म्हणून माझा पाय गेला. रोज तुमच्यासमोर रडतेय. आणि तुम्ही मला समजावत होता, की हिरा, झालं ते झालं?"

मग तिनं मॅडमकडे तोंड केलं.

"बाई, लावा ती पट्टी," ती म्हणाली. "आणि मला इथंच दाखल करून घ्या. यांच्याबरोबर घरी नाही जायची मी."