बांड्याला गप केलं

चुलीजवळचा तवा गोणीत गेला की बांड्या थरथरायला लागायचा. भात झोडून झालं की आम्ही नवराबायको वसईकडे वीटभट्टीवर जायचो आणि पावसाच्या तोंडावर परतायचो. मासवण गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला आमचा पाडा. बांड्या आमचा कुत्रा, पांढऱ्या अंगावर काळे पट्टे. तवा दिसेनासा झाला की तो खाणं सोडायचा, दारात आडवा पडायचा आणि कुणाला उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही.

ब्याऐंशी साली तो आम्हाला भट्टीवर नेणाऱ्या ट्रकमागे धावत पार हमरस्त्यापर्यंत आला. मुकादम पुंजारामने वरून वीट फेकली. बांड्याचा पुढचा पाय मोडला. लंगडत तो पाड्यावर परतला, तीन दिवस रडला आणि मग शेजारच्या बुधीच्या घरात जाऊन राहिला. हे आम्हाला परत आल्यावर कळलं. बुधी म्हातारी, तिला भट्टीवर कोणी नेत नव्हतं, म्हणून ती मागे असायची.

पुढच्या वर्षी पुंजाराम आधीच सांगून गेला, "जिवल्या, यंदा कुत्रं गाडीमागं आलं तर चाकाखाली घालीन. मग माझ्या नावानं बोंबलू नको."

म्हणून मी ठरवलं, याची भीतीच मोडायची.

दसऱ्यापासून सुरुवात केली. रोज तवा गोणीत भरायचा, गोणी खांद्यावर टाकायची, ओढ्यापर्यंत जायचं आणि एक बिडी ओढून परत यायचं. आल्यावर बांड्याला एक सुका बोंबील. पहिल्या दिवशी तो रडत मागे आला. मी त्याला घेऊन परतलो. आठ दिवसांनी तो ओटीवरूनच बघायला लागला. मग मी दुपारभर जायला लागलो, मग मनोरच्या बाजाराला दिवसभर.

माझी बायको चिमी वैतागली. "रोज गोणी भरतोस नि रोज सोडतोस. भाकर काय तळहातावर भाजू? आनि बोंबील सगळा त्यालाच!"

"थांब गं थोडी. बघ, आता थरथरत नाय तो."

"मी थरथरते ना भुकेनं! मला दे एक."

बुधी तिच्या अंगणातून ओरडली, "अरे, रडू दे त्याला. रडून झालं की येतो माज्याकडं."

म्हातारीला काय कळतं, असं मला वाटलं. शेवटी आम्ही दोघं चिमीच्या भावाकडे दोन दिवस राहून आलो. परतलो तेव्हा बांड्या ओटीवर झोपला होता. उठला, शेपटी हलवली आणि बोंबील मागायला लागला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन किती तरी वेळ बसलो. मला फार बरं वाटलं होतं.

ट्रक आला त्या दिवशी तो जागचा हलला नाही. पुंजाराम म्हणाला, "वा रे जिवल्या! हे तर माणसापेक्षा शहाणं झालं." मी हसलोसुद्धा.

भट्टीवरून परतलो तेव्हा ओटी रिकामी होती. मी बुधीला हाक मारली. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"दहा-बारा दिवस होता. ओटीवरच बसायचा. भाकर नेऊन दिली तर खायचा. ओढून माज्या घरात आनला तर शेपटी हलवत परत तिथंच. तुमी येनार म्हनून. घरात दिवा नाय, मानूस नाय. बिबळ्यानं नेला."

"रडला काय गं?"

"नाय रे. रडला असता तर आला असता माज्याकडं."

चिमीने गोणी सोडली, तवा काढला आणि चूल पेटवली.

त्या दिवाळीनंतर पुंजाराम साऱ्या पाड्याला सांगत फिरला, "कुत्री गप कशी करायची ते जिवल्याला विचारा." पाड्यातला भिकाही यंदा भट्टीवर निघाला होता, तो विचारायला आला. त्याच्या तांबड्या कुत्रीने खाणं सोडलं होतं.

मी म्हणालो, "निघताना तिला लाथ मार. जोरात."

"येडा झालास काय? पोरीसारखी वाढवली हाय मी तिला."

ट्रक आला. कुत्री भिकाच्या पायांत घुटमळत होती आणि त्याचा पाय काही उठेना. मग मीच मारली. ती केकाटत पळाली आणि थेट बुधीच्या घरात शिरली. भिकाने मला आईवरून शिवी दिली. मी गोणी वर टाकली आणि ट्रकमध्ये चढलो.